मदत हवी आहे: क्यूबा ते फ्रान्स, अमेरिकेची ही गोष्ट एका दमात सांगायची कशी?

मंडळी नमस्कार, इतिहासवाले कुणी असतील तर जरा हात लावा.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात यंदा पहिलं महायुद्ध चाललंय, दर महिन्याला एकेकाने एकेक देश घ्यायचा, आणि माझ्या गळ्यात अमेरिका पडलीय. अर्धा तास. विषय दिलाय "अमेरिकेचा समुद्रापार विस्तार आणि महायुद्धात प्रवेश". सगळी नोकरी बँकेत गेली, वाचायची हौस आहे पण शिस्तीचा अभ्यास म्हणाल तर नाही. वाचून बरंच झालंय, घोळ असा आहे की माझ्याकडे दोन वेगळी भाषणं तयार झालीत आणि त्यांचा सांधाच जुळत नाहीये.

पहिलं झकास जमलंय. १८९८ च्या फेब्रुवारीत हवानाच्या बंदरात मेन नावाची अमेरिकन युद्धनौका फुटली, अडीचशेच्या वर माणसं गेली, कशाने फुटली यावर आजही वाद आहेत पण न्यूयॉर्कच्या पेपरांनी तेव्हाच स्पेनच्या माथी मारून टाकलं. एप्रिलमध्ये युद्ध, ऑगस्टमध्ये खलास. युद्ध कशासाठी तर क्यूबाला सोडवायला, आणि पहिला मोठा दणका कुठे तर पार तिकडे फिलिपीन्समध्ये मनिलाच्या आखातात, १ मे ला. डिसेंबरात पॅरिसला तह, प्वेर्तो रिको आणि ग्वाम पदरात, फिलिपीन्ससाठी स्पेनला २ कोटी डॉलर, आणि मधल्यामधे जुलैत हवाईपण जोडून घेतलं, म्हणजे ज्या राणीला १८९३ मध्येच पदच्युत केलं होतं तिचं राज्य. फिलिपीन्सचे आगिनाल्दो वगैरे जे स्पेनशी लढत होते त्यांचं म्हणणं साधं होतं की आम्ही मालक बदलायला लढत नव्हतो, तर १८९९ पासून त्यांच्याशीच लढाई, आणि ती चार महिन्यांत नाही आटपली, १९०२ पर्यंत चालली. मला सगळ्यात मजा कशाची वाटली तर सिनेटमध्ये हा तह ५७ विरुद्ध २७ ने पास झाला, दोन तृतीयांश लागतात, म्हणजे फक्त एक मत जास्त! लेखक मार्क ट्वेन विरोधात, पोलादवाला कार्नेगी विरोधात. हे लोकांना आवडेल असं वाटतं. मग पनामा वगैरे आहेच.

दुसरं भाषण १९१४ पासून. राष्ट्राध्यक्ष विल्सन म्हणतो आम्ही तटस्थ. ७ मे १९१५ ला जर्मन पाणबुडीने लुसिटानिया ही ब्रिटिश प्रवासी बोट बुडवली, ११९८ माणसं, त्यात १२८ अमेरिकन, तरी युद्ध नाही. १९१६ ची निवडणूक तर "यांनी आपल्याला युद्धाबाहेर ठेवलं" याच प्रचारावर जिंकली. आणि शपथ घेऊन महिना होतोय न होतोय तोच एप्रिल १९१७ ला हे युद्धात.

आता पहिल्या भाषणातली अमेरिका सगळीकडे घुसते, दुसऱ्यातली तीन वर्षं अंग चोरून बसते. एकच देश आहे का हा? संबंध खरंच आहे, की आयोजकांनी उगाच दोन प्रकरणं एका ओळीत बसवलीत? पहिल्या रांगेत एक निवृत्त प्राध्यापक बसतात, ते हेच विचारणार याची खात्री आहे. गुगल करून दोन्हीकडच्या याद्या मिळतात, दुवा कुणी सांगत नाही.

सातपाटी:
काका, दुवा आहे, पण तुम्ही तो युरोपात शोधताय. नकाशात कॅरिबियन आणि मेक्सिको बघा. "पनामा वगैरे आहेच" म्हणून जे उडवलंत ना, मधला सगळा माल तिथेच आहे.

१९०३ मध्ये पनामा कोलंबियातून फुटला, अमेरिकन युद्धनौका पाठीशी होत्या, आणि कालव्याचा पट्टा मिळाला. कालवा सुरू झाला १५ ऑगस्ट १९१४ ला, म्हणजे युरोपात युद्ध पेटून दोन आठवडे झाले होते. आता अटलांटिक आणि पॅसिफिक दोन्हीकडे मुलूख, मधे हा कालवा, आणि कालव्याकडे जायच्या वाटा कॅरिबियनमधून. तिथे कुठल्याही युरोपियन आरमाराने पाय ठेवला की यांच्या पोटात गोळा. म्हणून १९१५ ला हैती ताब्यात, १९१६ ला डॉमिनिकन रिपब्लिक. क्यूबातला ग्वांतानामोचा नाविक तळ तर १९०३ पासूनच होता. हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक तर शांततावादी म्हणवणाऱ्या विल्सनच्याच काळात, त्यामुळे "अंग चोरून बसते" हे युरोपपुरतं खरं.

आता कॅरिबियनमधली डेन्मार्कची बेटं बघा, सेंट थॉमस, सेंट जॉन, सेंट क्रॉय. अमेरिकेला भीती की जर्मनीने उद्या डेन्मार्क गिळला तर ही बेटं जर्मन पाणबुड्यांचा अड्डा होणार. परराष्ट्रमंत्री लॅन्सिंगने डॅनिश लोकांना आडून सुचवलं की विकली नाहीत तर आम्हाला ताब्यात घ्यावी लागतील. अडीच कोटी डॉलरला सौदा. प्रत्यक्ष ताबा कधी, ३१ मार्च १९१७. युद्ध जाहीर ६ एप्रिल. विस्ताराचं शेवटचं पान आणि युद्धाचं पहिलं पान यात आठवडासुद्धा नाही, प्राध्यापकांना हे सांगा.

खिडकीची_सीट:
सांधा बिंधा काही नाही हो, पैसा. सुरुवातीला परराष्ट्रमंत्री ब्रायनचं म्हणणं होतं की लढणाऱ्यांना कर्ज देऊच नये, पैसा हा सगळ्यात वाईट युद्धमाल. वर्षभरात मॉर्गनच्या बँकेने ब्रिटन-फ्रान्सला ५० कोटी डॉलरचं कर्ज उभं करून दिलं. १९१७ पर्यंत मित्रराष्ट्रांकडे २ अब्जांच्या वर, जर्मनीकडे त्याच्या तुलनेत चिल्लर. तुम्ही बँकेतले, तुम्हाला वेगळं काय सांगायचं, एवढं येणं असलं की ऋणको बुडू नये असं वाटणारच. सिनेटर नॉरिसने तर भर सभागृहात म्हटलं की आपण झेंड्यावर डॉलरचं चिन्ह लावतोय.

धागाकर्ता:
सातपाटी, बेटांचं माहीतच नव्हतं, मस्त. खिडकीवाले, पटतंय पण अडतंय. कर्ज १९१५ पासून आहे, लुसिटानियापण १९१५ ची, मग दोन वर्षं थांबले का? नुसतं येणं वसूल करायला कुणी सैन्य पाठवतं होय, आम्ही तर साधी जप्ती आणायलाही वर्षं लावायचो.

सातपाटी:
बरोबर पकडलंत. कर्जामुळे कल कुठे होता ते कळतं, तारीख कळत नाही. तारीख पाणबुड्यांनी ठरवली.

लुसिटानियानंतर विल्सनने इतकी कडक पत्रं लिहिली की ब्रायननेच राजीनामा दिला, असं लिहिलंत तर युद्धात ओढले जाऊ म्हणून. मार्च १९१६ ला ससेक्स या फ्रेंच प्रवासी बोटीवर जर्मन पाणबुडीचा हल्ला झाला, परत धमकी, आणि मे मध्ये जर्मनीने शब्द दिला की इशारा दिल्याशिवाय व्यापारी जहाजं बुडवणार नाही. तो शब्द ते बऱ्यापैकी पाळत होते, म्हणून निवडणुकीत ती घोषणा चालली. पण ब्रिटिश नाकेबंदीने जर्मनीत उपासमार, आणि जानेवारी १९१७ ला बर्लिनने हिशोब केला की अमेरिका युद्धात येईल तर येऊ दे, तिची फौज युरोपात पोचायच्या आत ब्रिटनला उपाशी मारू. १ फेब्रुवारीपासून दिसेल ते जहाज बुडवायचं. ३ ला विल्सनने संबंध तोडले, पण युद्ध तेव्हाही नाही.

आणि मी सुरुवातीला म्हटलं तो मेक्सिको इथे येतो. जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमनने मेक्सिकोतल्या आपल्या राजदूताला तार केली की अमेरिका युद्धात उतरलीच तर मेक्सिकोला बरोबर घ्या, टेक्सास, न्यू मेक्सिको, ॲरिझोना परत मिळवून देऊ म्हणावं. तार गेली कशी तर अमेरिकेच्याच वकिलातीच्या केबलवरून! विल्सनने शांततेच्या वाटाघाटींसाठी ती लाईन जर्मनांना वापरू दिली होती. केबल जायची लंडनवरून वॉशिंग्टनला, तिथून तार पुढे मेक्सिकोला, ब्रिटिशांचे सांकेतिक भाषा फोडणारे लोक ऐकतच बसलेले. आता त्यांची पंचाईत अशी की तार दाखवावी तर तुम्ही आमची केबल ऐकता हे अमेरिकेला कळणार, आणि सांकेतिक भाषा फुटली हे जर्मनीला. म्हणून त्यांनी मेक्सिको सिटीच्या तार ऑफिसातून वॉशिंग्टनहून पुढे गेलेली प्रत मिळवली आणि ती दाखवली. १ मार्चला पेपरात. बऱ्याच लोकांना बनावट वाटली, तर झिमरमनने स्वतःच कबूल केलं की हो, मीच पाठवली.

एरवी असल्या तारेला लोक हसले असते. पण ती राज्यं अमेरिकेने मेक्सिकोकडूनच घेतलेली, १९१४ ला व्हेराक्रूझ बंदर व्यापलेलं, आणि मेक्सिकन बंडखोर पांचो व्हियाच्या मागे धाडलेली अमेरिकन फौज मेक्सिकोतून नुकतीच, त्याच फेब्रुवारीत, परत आलेली. तिकडे खदखद आहे हे टेक्साससकट सगळ्यांना माहीत होतं. युरोपाशी देणंघेणं नसलेल्या पश्चिमेकडच्या माणसालाही युद्ध एकदम घरचं वाटलं. मार्चच्या मध्यात तीन अमेरिकन जहाजं बुडवली, २ एप्रिलला विल्सनचं भाषण, सिनेट ८२ विरुद्ध ६, प्रतिनिधीगृह ३७३ विरुद्ध ५०.

पाणीपुरी_विदाउट_पुरी:
भाषणासाठी एक सुचवू का काका, एक माणूस पकडा, अमेरिकन सेनाधिकारी पर्शिंग. १८९८ ला क्यूबात लढला, मग फिलिपीन्स, १९१६ ला व्हियाच्या मागे मेक्सिकोत गेलेली फौज याचीच, आणि १९१७ ला फ्रान्सला गेलेल्या सैन्याचा सरसेनापतीपण हाच. दोन्ही भाषणं आपोआप शिवली जातात. फरकही सांगता येतो, एप्रिल १९१७ ला खडं सैन्य सव्वा लाखाच्या आसपास, बेटं सांभाळायला पुरेसं, फ्रान्ससाठी मात्र सक्तीची भरती करावी लागली आणि शेवटी २० लाखांच्या आसपास माणसं तिकडे पोचली.

अवांतर: जर्मनांनी अमेरिकेच्या जमिनीवरून आपल्या गदरवाल्यांनाही, म्हणजे तिथून इंग्रजांविरुद्ध उठावाची तयारी करणाऱ्या भारतीय क्रांतिकारकांनाही, पैसे आणि हत्यारं पुरवायचा प्रयत्न केला होता. शिरूर तालुक्यातल्या तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेतूनच उठावासाठी परत आले, १९१५ ला लाहोरला फाशी. अमेरिका युद्धात उतरल्यावर १९१७ च्या शेवटी सॅन फ्रान्सिस्कोत गदरवाले आणि जर्मन वकिलातीतले अधिकारी यांच्यावर एकत्रच खटला भरला. श्रोते मराठी आहेत, दोन मिनिटं द्याच.

धागाकर्ता:
पर्शिंग फिक्स! मेनच्या स्फोटाला पाच मिनिटांवर आणतो, कालवा आणि बेटं वाढवतो, झिमरमन मधे, पिंगळ्यांना नक्की घेतो. कर्जाचं प्रश्नोत्तरात ठेवतो, खिडकीवाले रागावू नका, आमच्याकडे निम्मे बँकवाले आहेत, तो विषय काढला की सभा संपतच नाही. आता शेवटचं, प्रोजेक्टर नाही, भिंतीवर एकच नकाशा लावता येईल. जगाचा लावू का?

सातपाटी:
जगाचा नको, मागच्या रांगेला बेटं दिसणार नाहीत. फ्लोरिडापासून पनामापर्यंतचा मोठा प्रिंट काढा, डावीकडे मेक्सिको पूर्ण येऊ द्या आणि उजवीकडे प्वेर्तो रिकोच्या पलीकडची ती तीन बेटं कापली जाणार नाहीत एवढं बघा.