मदत हवी आहे: सॅक ४० लिटर की ६०? १२ दिवस राहिलेत, लवकर सांगा

साखळीकर
नमस्कार. सॅक घ्यायची आहे. ग्रुपवाल्यांचा मेसेज आलाय की चाकांची बॅग आणायची नाही, पाठीवर मावेल तेवढंच सामान. पणजीत दोन दुकानं फिरलो. एक म्हणतो ६० लिटर घ्या, रिकामी जागा काय खायला मागत नाही. दुसरा म्हणतो ४० पुष्कळ झाली. १२ दिवसांत सुट्टीचे दोनच आहेत, तेव्हा कृपया फाटे फोडू नका. ४० की ६०, एवढंच सांगा.

भटको_मनीस
६०. डोळे मिटून घ्या. स्लीपिंग बॅग, मॅट, जॅकेट, दोन लोकरी मोजे, रेनकव्हर, हे सगळं ४० मध्ये घालायला गेलात तर चेन फाटेल. मी हिमाचलात ५५ नेली होती, जॅकेट बाहेर बांधावं लागलं आणि ते पावसात भिजलं. तो ट्रेक आठवला तरी अजून कापरं भरतं.

फोंडेकरीण
भटको, ते हिमाचलात चाललेत असं कुठं लिहिलंय?
साखळीकर, कुठे जाताय, किती दिवस, कुठल्या महिन्यात? हे न सांगता सॅक विचारणं म्हणजे दुकानात जाऊन नुसतं 'चप्पल द्या' म्हणण्यासारखं झालं.

साखळीकर
हंपी वगैरे. ९ दिवस. ग्रुपचं सगळं ठरलेलं असतं. ४० की ६०?

नकाशाबहाद्दर
'वगैरे'मध्ये काय काय येतं ते सांगा, कारण खरा प्रश्न तिथेच आहे. एकाच ठिकाणी राहणार असाल तर गोणपाट नेलं तरी चालेल. रोज मुक्काम बदलत असेल तर प्रत्येक किलो खांद्याला कळतो.

साखळीकर
मडगावहून सकाळची अमरावती एक्सप्रेस, होसपेटला उतरून हंपीत ३ रात्री. मग बदामी २, मधे पट्टदकल-ऐहोळे. विजापूर १. तिथून रात्रीच्या बसनं हैदराबाद, चारमिनार-गोवळकोंडा वगैरे (हो, परत वगैरे). एप्रिलात. लईराईच्या जत्रेआधी घरी पोचायचं आहे, घरात धोंड (देवीचं व्रत धरणारे भक्त) आहेत. झालं समाधान?

भटको_मनीस
एप्रिलात हंपी?? सगळा फातरच फातर, नुसता दगड. पारा चाळिशीच्या आसपास असतो आणि फातर संध्याकाळी सातपर्यंत तापलेले. कोणी ठरवली ही सहल?

फोंडेकरीण
म्हणजे लोकरी मोजे गेले. आणि ६० पण गेली. :)

ट्रॉलीवाला
मी वेगळंच सांगतो. चाकांची छोटी बॅग न्या आणि ग्रुपवाल्यांना कळवू नका. मी हैदराबाद, विजापूर सगळीकडे ट्रॉली घेऊन हिंडलोय. हॉटेलात टाकायची, फिरताना पाठीवर काही नाही. पाठीवर ओझं घेणं हे हल्लीच्या पोरांचं फॅड आहे. चाकाचा शोध लागून हजारो वर्षं झाली.

नकाशाबहाद्दर
ट्रॉलीवाले, तुम्ही स्वतःच्या गाडीनं गेला होतात, हे तुम्हीच मागे दुसऱ्या धाग्यावर लिहिलं होतं. हे लोक रेल्वे आणि एसटीनं जाणार. बदामीचं स्टेशन गावापासून पाचेक किलोमीटर, म्हणजे रिक्षात किंवा बसमध्ये चढ-उतार आलाच. गदगच्या पुलावरून एका प्लॅटफॉर्मवरून दुसऱ्यावर ट्रॉली उचलून न्या एकदा, मग चाकाच्या शोधावर बोलू.

ट्रॉलीवाला
हमाल असतात.

नकाशाबहाद्दर
ग्रुपातल्या प्रत्येकाला एकेक हमाल?

कळंगुटचो_पात्रांव
हंपीत नदीपलीकडे विरुपापूर गड्डीला राहा. झोपाळे, खाटा, शेतातली कॅफे, एकदम मस्त. आम्ही मित्र २०१५ ला गेलो होतो, आठ दिवस हललो नाही.

फोंडेकरीण
बाबा, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०२० मध्ये तिथली ती सगळी रिसॉर्टं पाडली. आणि ते राहायला कुठे हे विचारत नाहीयेत.
साखळीकर, एक प्रश्न. तुमची उंची किती? पाठीचं काही दुखणं?

साखळीकर
४ फूट १०. गुडघे थोडे.

भटको_मनीस
४ फूट १०??

साखळीकर
सॅक माझ्यासाठी नाही हो, आईसाठी आहे. वय ६४. शिक्षिका होती, निवृत्त. मी जात नाही, तिच्या जुन्या सहकारी शिक्षिका आहेत ग्रुपात. मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं का?

नकाशाबहाद्दर
नव्हतं.

ट्रॉलीवाला
नव्हतं. आणि आता माझंच बरोबर ठरतंय, ६४ वर्षांच्या बाईला पाठीवर सॅक?

फोंडेकरीण
माझं वय ५९ आणि मी सॅक घेऊनच फिरते, तेव्हा वय बाजूला ठेवा. साखळीकर, लिटर विसरा. आधी टेप घ्या. आईंना मान पुढे झुकवायला सांगा, मानेच्या बुडाशी एक हाड वर येतं, तिथून माप सुरू. मग दोन्ही हात कमरेच्या हाडांवर, अंगठे पाठीमागे. अंगठ्यांच्या रेषेपर्यंत पाठीचं माप किती येतं ते बघा. त्यांची उंची बघता १५-१६ इंच निघेल. दुकानातल्या बहुतेक सॅक त्याहून उंच पाठीच्या माणसाच्या असतात. अशी सॅक घातली की कमरेचा पट्टा मांडीवर येतो आणि सगळं वजन खांद्यावर लटकतं. मग माणूस म्हणतो मला सॅक झेपत नाही. झेपत नाही ती चुकीच्या मापाची सॅक. पाठीची उंची कमी-जास्त करता येते अशी घ्या, ३५ ते ४० लिटर. पट्टा कमरेच्या हाडावर घट्ट बसला की खांदे फक्त तोल सांभाळतात.
भरून वजन आईंच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. मी तरी एवढंच पाळते. जड वस्तू पाठीला चिकटून, मधोमध. तळाला नाही, वरच्या खिशात तर नाहीच.

साखळीकर
हे कामाचं. देव बरें करूं. पण एक अडचण सांगतो. आई साडी नेसते.

फोंडेकरीण
नऊवारी?

साखळीकर
सहावारी.

फोंडेकरीण
मग बकल नेमकं निऱ्या खोचतात तिथे येणार. परकराची नाडी त्याखाली रुतते आणि तासाभरात पोटावर लाल वळ. अनुभव आहे. प्रवासाच्या दिवशी पंजाबी ड्रेस, देवळाच्या दिवशी साडी, कारण देवळाच्या दिवशी सॅक हॉटेलातच असेल. पाठीवर तेव्हा पाणी आणि टोपीपुरती पिशवी.

साखळीकर
योगाला ती पंजाबी ड्रेस घालते. प्रवासाला घालेल का ते विचारायचं धाडस माझ्यात नाही. वजन आत्ता केलं, काटा ११ किलो दाखवतो. पिशवी उघडून बघितली तर आत दोन नारळ.

भटको_मनीस
नारळ???

साखळीकर
आमच्या माडाचे. एक हंपीत विठ्ठलाच्या देवळात फोडायचा, एक विरुपाक्षाला. मुळात ती हंपीला जातेय तेच त्यासाठी. आमच्या इथे विठ्ठलापूरला देऊळ आहे, दर एकादशीला तिथे जाते. विठ्ठल कर्नाटकात गेला होता आणि भानुदासांनी परत आणला, ही गोष्ट तिने आम्हाला इतक्या वेळा सांगितलीय की मला वाटतं भानुदासांबरोबर ती पण गेली असावी.

विठ्ठलभक्त_म्हापसा
माउली! एकनाथ महाराजांचे पणजोबा ते. कृष्णदेवरायानं मूर्ती नेली आणि भानुदास महाराजांनी पंढरपूरला परत आणली असं परंपरा सांगते. पण आईंना आधीच कल्पना द्या, हंपीच्या विठ्ठल मंदिरात गाभारा रिकामा आहे. मूर्ती नाही, पूजा नाही. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातलं स्मारक आहे, तिथे नारळ फोडता येणार नाही. पन्नासच्या नोटेमागे छापलाय तो दगडी रथ तिथलाच. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या रिकाम्या गाभाऱ्यासमोर उगाच उभा राहिलो होतो बराच वेळ, सोबतचे रथापाशी फोटो काढत होते. नारळ विरुपाक्षाला. तिथे पूजा चालू आहे.
आणि हां, गाड्या लांब थांबवतात, तिथून विठ्ठल मंदिरापर्यंत बॅटरीवरच्या गाड्या असतात. एप्रिलात आईंना तेवढं अंतर चालू देऊ नका.

सोदेकार_इतिहास
विषय निघालाच आहे म्हणून. ही सगळी सहल म्हणजे गोव्याचाच इतिहास आहे, फक्त घाटापलीकडे पसरलेला. ऐहोळेला मेगुती टेकडीवर रविकीर्तीचा ६३४ चा शिलालेख आहे, त्यात चालुक्य राजा मंगलेशानं रेवतीद्वीप जिंकल्याचा उल्लेख येतो. म्हणजे आपलं रेडी, असं अभ्यासक मानतात. त्याच मंगलेशाचा ५७८ चा लेख बदामीच्या तिसऱ्या लेण्यात. पुढे विजयनगर, त्यांचे घोडे गोव्याच्या बंदरातून जायचे. मग विजापूर. १५१० मध्ये अल्बुकर्कनं गोवा घेतला तो आदिलशहाकडूनच, आणि पणजीचं जुनं सचिवालय म्हणजे आदिलशहाचा वाडा. लोक रोज त्यासमोर सेल्फी काढतात आणि गोलघुमट बघायला...

ट्रॉलीवाला
सॅकचं काय झालं?

सोदेकार_इतिहास
सॅक कुठेही मिळेल.

नकाशाबहाद्दर
इतिहासातून थोडं जिन्यावर येऊ. गोलघुमटाच्या कोपऱ्यातल्या मनोऱ्यात सात मजले चढून गेल्यावर प्रतिध्वनीची गच्ची लागते. जिना अरुंद, पायऱ्या उंच. आईंचे गुडघे 'थोडे' म्हणजे किती थोडे ते तुम्ही लिहिलेलं नाही, सवयीप्रमाणे. पोरांच्या सहली आत शिरल्या की कुजबूज सोडा, स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून सकाळी उघडल्या उघडल्या जायला सांगा. गोवळकोंड्यावर बाला हिसारपर्यंत साडेतीनशेहून जास्त पायऱ्या. तिथे वर न जाता खाली फतेह दरवाज्यात टाळी वाजवून बसलं तरी चालतं, वर ऐकू जाते ती.

भटको_मनीस
माकडं! कोणी माकडांचं बोललंच नाही. बदामीला लेण्यांच्या पायऱ्यांवर माकडं सॅकची चेन उघडतात. ओढत नाहीत, उघडतात. माझ्या बाजूच्या बाईच्या पिशवीतून चकल्यांचं पाकीट काढलं आणि पिशवी तशीच ठेवली. नारळ घेऊन तिथे जायचं म्हणजे आमंत्रणच.

फोंडेकरीण
ह्यावेळी भटकोचं बरोबर आहे. छोटं कुलूप घ्या. ते नुसतं माकडांसाठी नाही, रेल्वेच्या क्लोकरूममध्ये कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत. सॅकवाले तिथेच अडकतात. चेनची दोन टोकं एकत्र येतात का, ते दुकानातच बघा. काही सॅकना वरून नुसती दोरी असते, कुलूप लावायला जागाच नाही, तशी नको. हैदराबादला लाड बाजारात शिरताना सॅक पुढे, पोटावर.

कळंगुटचो_पात्रांव
गाडी दूधसागरवरून जाते, एप्रिलात पाणी नसतं पण. जेवायला बदामीला खानावळीत ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी. आईंना नुस्त्याची आठवण आली तर इलाज नाही.

साखळीकर
ती शाकाहारी आहे.

कळंगुटचो_पात्रांव
मग प्रश्नच मिटला.

साखळीकर (चार दिवसांनी)
कळवतो. म्हापशात ३८ लिटरची मिळाली, पाठीचा भाग खालीवर होणारी, चेनला कुलूप बसतं. माप १५ इंचच निघालं. आई म्हणाली, मी आधी घालून बघणार, मगच पैसे द्या. घरी आल्यावर तिने त्यात सहा किलो उकडे तांदूळ घातले, पट्टा बांधला आणि एकटीच विठ्ठलापूरपर्यंत चालत गेली. परत आली तेव्हा पंजाबी ड्रेसमध्ये होती, हे मी दार उघडल्यावर पाहिलं. काही बोललो नाही. म्हणाली खांदे ठीक, कमरेला जरा घाम येतो, पुलावर दोन विद्यार्थिनी भेटल्या, त्यांनी विचारलं बाई कुठे निघालात, तर सांगितलं हंपीला.
आता सामान ६ किलो ८००. ग्रुपच्या बाईंशी बोललो, विजापूरला सकाळी लवकर नेणार आहेत. गुडघ्याचे पट्टे घेतले. विठ्ठलाच्या रिकाम्या गाभाऱ्याबद्दल सांगितलं, तर म्हणाली मला माहीत आहे, तेच बघायला जातेय. नारळ एकच जातोय, विरुपाक्षाचा. वजन कमी व्हावं म्हणून सोलून, अगदी गुळगुळीत करून.

ट्रॉलीवाला
६ किलो ८०० ला ट्रॉलीच बरी होती.

विठ्ठलभक्त_म्हापसा
साखळीकर, गुळगुळीत करू नका! शेंडी काढलेला नारळ त्या उकाड्यात वाटेत तडकतो, सगळं पाणी कपड्यांत. शिवाय देवाला शेंडीचाच लागतो. शेंडी ठेवा आणि वर्तमानपत्रात गुंडाळा.

साखळीकर
सोलून झाला. माडाखाली अजून आहेत, पण हे तिला सांगायला तुम्हीच फोन करा.