केबल कंपनीचे समाजाप्रती देणे कोणते?

प्रश्न

आमच्या अभ्यासगटात सध्या संपर्कसेवांवर चर्चा चालू असून केबल दूरचित्रवाणी आणि ब्रॉडबँड या भागाचे टिपण माझ्याकडे आले आहे. मोठ्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत समाजकार्याचे एक प्रकरण हमखास असते. शाळांना दिलेल्या जोडण्या, कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी स्वस्त योजना, स्थानिक वाहिन्या यांची माहिती त्यात असते. हे सारे सौजन्य म्हणून केले जाते, की या धंद्याच्या स्वरूपातच काही देणे लागते? चपला विकणाऱ्या कंपनीने गावाची सभा दाखवावी, अशी अपेक्षा आपण करत नाही. मग केबल कंपनीकडून ती का करावी? शिवाय वाहिन्या बंद करून फक्त इंटरनेट ठेवणारे ग्राहक वाढत असताना या भूमिकेचे पुढे काय होणार, हेही जाणून घ्यायचे आहे.

प्रतिसाद १

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर या उद्योगाच्या जन्मकथेतच सापडते. १९४८च्या सुमारास अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया, ऑरेगन, आर्कान्सा या राज्यांतील काही डोंगराळ आणि दूरच्या गावांत दूरचित्रवाणी संच असूनही चित्र दिसत नव्हते, कारण या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि मध्ये डोंगर आला की पलीकडे फारसे काही पोहोचत नाही. तेव्हा उंच जागी एक मोठा अँटेना उभारायचा आणि तिथून घरोघरी तार ओढायची, असा मार्ग लोकांनी काढला. या व्यवस्थेला नावही ‘कम्युनिटी अँटेना’ असेच मिळाले, म्हणजे सगळ्यांचा मिळून एक अँटेना.

आता ही तार न्यायची कुठून? सार्वजनिक रस्त्याच्या कडेने, खांबांवरून किंवा जमिनीखालून. तुमच्या चपलांच्या कंपनीला रस्ता खणावा लागत नाही, आणि फरक नेमका तिथेच आहे. रस्ता सर्वांचा असल्यामुळे तो वापरण्याचा मोबदला सर्वांना मिळावा, या विचारावर परवान्याची पद्धत उभी राहिली. अमेरिकेच्या १९८४च्या केबल कायद्याने स्थानिक शासनाला केबल सेवेच्या ढोबळ उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंत शुल्क घेण्याची मुभा दिली, आणि नागरिक, शिक्षणसंस्था व शासन यांच्यासाठी काही वाहिन्या राखून ठेवण्याची अट घालण्याचीही. म्हणून गावाची सभा दाखवणे याला मी उपकार म्हणणार नाही. ते रस्त्याचे भाडे आहे.

सौजन्याची उदाहरणेही आहेत आणि ती नाकारू नयेत. अमेरिकी प्रतिनिधिगृहाचे कामकाज घरोघरी दाखवणारी सी-स्पॅन ही वाहिनी १९ मार्च १९७९ रोजी सुरू झाली. ती सरकारी पैशावर उभी राहिली नाही, की जाहिरातींवर नाही. केबल कंपन्यांनी दर ग्राहकामागे थोडी थोडी रक्कम देऊन ती चालवली. हे उदाहरण मला फार मोलाचे वाटते.

तुमचा दुसरा प्रश्न जास्त गंभीर आहे. २००२मध्ये तेथील नियामकाने केबलवरून मिळणारे इंटरनेट कायद्याच्या अर्थाने ‘केबल सेवा’ नाही, असे ठरवले. त्यामुळे परवाना शुल्काची आकारणी चित्रवाणीच्या उत्पन्नापुरती राहिली. तार तीच, रस्ता तोच, परंतु ग्राहकाने वाहिन्या सोडल्या की स्थानिक वाहिनीचा पैसा आटतो. हे देणे चित्रवाणीशी न जोडता तारेशी जोडायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद २

मी अनेक वर्षे या जाळ्यांच्या देखभालीचे काम केले आहे, त्यामुळे तारेच्या बाजूने लिहितो. बहुतेक केबल जाळ्यांत मुख्य केंद्रापासून वस्तीतल्या नोडपर्यंत (म्हणजे आसपासच्या घरांना जोडणारी पेटी) ऑप्टिकल फायबर, म्हणजे प्रकाशावर संदेश नेणारी काचेची तार, आणि तिथून पुढे घरापर्यंत कोॲक्सियल केबल, म्हणजे विजेचे संकेत नेणारी धातूची तार असते. ही तार चित्र एकाच दिशेने पाठवण्यासाठी टाकलेली होती. १९९७मध्ये डॉक्सिस हे तंत्रमानक आले आणि तिच्यावरून इंटरनेट नीट चालू लागले, पण जुना कल राहिलाच: उत्तर अमेरिकेतील पारंपरिक मांडणीत घराकडून केंद्राकडे जाण्यासाठी ५ ते ४२ मेगाहर्ट्झ एवढाच कंप्रतांचा पट्टा, आणि उलट दिशेला त्याच्या कितीतरी पट. घरातून वर्ग घेणाऱ्या शिक्षिकेचे चित्र का अडखळते, याचे मोठे कारण हेच. त्यात एखाद्या घरातला जोड सैल असला, तर तिथून शिरणारा गोंगाट त्या नोडवरच्या सगळ्या घरांचे अपलोड बिघडवतो. दोष एका घराचा आणि त्रास साऱ्या वस्तीला. तो शोधण्यासाठी मी भर पावसात खांबामागून खांब तपासले आहेत.

वीज हा दुसरा मुद्दा, ज्याकडे अहवालांत कुणी पाहत नाही. नोड आणि पुढच्या ॲम्प्लिफायरना, म्हणजे वाटेत क्षीण होणारा संकेत वाढवणाऱ्या उपकरणांना, वीज लागते. वादळात पुरवठा तुटला की रस्त्याकडेच्या पेटीतल्या बॅटऱ्या काही तास काम देतात आणि नंतर इंटरनेटबरोबर त्याच मोडेमवर चालणारा दूरध्वनीही बंद पडतो. फायबर थेट घरापर्यंत गेलेले असेल, तर वाटेत सहसा वीज लागत नाही. फक्त केंद्रात आणि घरात लागते. संकटाच्या वेळी फोन लागणे यापेक्षा मोठी समाजसेवा कोणती असेल, हे मला सांगता येणार नाही.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही प्रतिसाद मला पटले, पण दारातून तार गेली म्हणजे सेवा पोहोचली असे होत नाही. मी ज्येष्ठांना इंटरनेट शिकवण्याचे काम करते. काहींच्या घराबाहेरून तार गेलेली असते, तरी मासिक रक्कम परवडत नाही म्हणून जोडणी नसते. कंपन्यांच्या सवलत योजना खऱ्या आणि उपयोगी असतात, परंतु पात्रतेची कागदपत्रे ऑनलाइन भरायची असतात, आणि ज्याच्याकडे इंटरनेटच नाही त्याने ती भरायची कशी? सरकारी मदतीचाही भरवसा नाही. अमेरिकेत दरमहा ३० डॉलरपर्यंत सूट देणारी योजना २ कोटी ३० लाखांहून अधिक कुटुंबे वापरत होती. निधी संपल्यामुळे ती १ जून २०२४ रोजी बंद झाली. त्यामुळे सवलतीचा दर परवान्याच्या अटींतच लिहून घ्यावा, असे मी सुचवेन.

धागाकर्ता

तिन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. टिपणाची रचना आता बदलतो. प्रतिसाद २ लिहिणाऱ्यांना एकच विचारायचे आहे: आमच्या गटाने कंपनीकडून लेखी माहिती मागवायची झाली, तर सर्वांत आधी काय विचारावे?

प्रतिसाद २

वीज गेल्यावर तुमच्या नोडची बॅटरी किती तास टिकते आणि ती शेवटची कधी बदलली, हे विचारा. त्यानंतर एका नोडवर किती घरे आहेत आणि संध्याकाळच्या गर्दीत अपलोडचा वेग प्रत्यक्षात किती मिळतो, हे विचारा. जाहिरातीतला वेग सांगितला, तर तोच प्रश्न पुन्हा लिहून पाठवा.