लॉकडाऊनमध्ये सुटलेला व्यायाम परत अंगवळणी कसा पाडावा? (मदत हवी आहे)

मंडळी, विषय शिळा वाटेल, पण माझं गाडं अजून तिथेच अडलंय. जाणकारांनी सांगावंच, आणि जे यातून गेलेत त्यांनी तर नक्की सांगावं.

२०२० च्या मार्चआधी मी आठवड्यातून तीनदा पाच किलोमीटर पळायचो. वेग यथातथाच, पण न थांबता. लॉकडाऊन लागला तेव्हा पहिले दोन महिने उलट जास्तच व्यायाम झाला. व्हिडिओ लावून उड्या, बैठका, प्लँक, सगळं. खालच्या मजल्यावरचे काका एकदा मास्क लावून वर आले आणि दारापासून लांब उभं राहून विचारून गेले, वर नक्की काय चाललंय म्हणून. मग एक दिवस कंटाळा आला, दुसऱ्या दिवशीही आला, आणि चटई जी कपाटामागे गेली ती गेलीच.

परवा जुन्या फोनमधलं पावलांचं ॲप उघडलं. फेब्रुवारी २०२० मध्ये रोजची आठ-नऊ हजार पावलं. जूनमधल्या एका मंगळवारी ४१२. पलंग, टेबल, स्वयंपाकघर, पलंग! पण डोळे उघडले ते वेगळ्याच गोष्टीने. न पळण्याच्या दिवशीही पूर्वी सहा-सात हजार व्हायची. ऑफिसला जाणं-येणं, जिने, कुणाच्या तरी टेबलापाशी जाऊन गप्पा मारणं. मी हिशेब ठेवायचो पळण्याचा, आणि तब्येत सांभाळत होतं हे. ते गेलं ते आजतागायत गेलंय, कारण काम अजून घरूनच आहे.

मी एकटाच नव्हतो हेही ठाऊक आहे. १८७ देशांतल्या साडेचार लाखांहून जास्त लोकांची पावलं तपासलेल्या एका अभ्यासात, ११ मार्च २०२० ला जागतिक साथ जाहीर झाल्यानंतर तीस दिवसांत सरासरी २७ टक्के घट दिसली होती. सांत्वन म्हणून ठीक आहे, वजनकाट्याला त्याचं काय!

गेल्या महिन्यात जोशात येऊन थेट पाच किलोमीटर पळालो. दम फारसा लागला नाही, म्हणून दोन दिवसांनी पुन्हा. तिसऱ्या वेळी दोन्ही नडग्या अशा ठणकल्या की जिना उतरताना कठड्याला धरावं लागलं. डॉक्टर म्हणाले, विश्रांती घ्या, हळूहळू सुरू करा. हळूहळू म्हणजे किती हळू? आणि दिवसभराचं ते बिनहिशेबी चालणं घरबसल्या परत कसं आणायचं? आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

दम लागला नाही यावर जाऊ नका, तिथेच फसगत होते. हृदय-फुफ्फुसं लवकर तयार होतात, हाडं आणि स्नायूबंध मागे राहतात. आधी अर्धा तास भरभर चाला, दुखलं नाही तर एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं. मधे एक दिवस सुट्टी. एक विचारतो, दुखणं नडगीभर पसरलेलं आहे की बोट ठेवून दाखवता येईल असं एकाच जागी? एकाच जागी असेल तर पळणं बंद ठेवून पुन्हा डॉक्टरांना दाखवा. हाडाला बारीक चीर असली तर सुरुवातीच्या एक्स-रेत ती दिसेलच असं नाही.

प्रतिसाद २

मी लॉकडाऊनपासून खोटं ऑफिस गाठते. सकाळी बूट घालून बाहेर, वीस मिनिटं चालून घरी, मग लॅपटॉप उघडायचा. संध्याकाळी तेच उलट. घरचे हसले, हसू देत. आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम व्यायाम असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०२० च्या सूचनांमध्ये त्यांनी सलग दहा मिनिटांची जुनी अटही काढली, त्यामुळे फोनवर बोलताना घातलेल्या झपझप फेऱ्याही धरा. आठवड्यातून दोनदा बैठका किंवा वजनं हवीतच, नुसत्या चालण्याने ती भरपाई होत नाही. आणि बूट कोणते वापरलेत?

धागाकर्ता

दुखणं पसरलेलंच आहे, बोट ठेवण्याजोगं नाही. खोटं ऑफिस सोमवारपासून सुरू. बूट २०१९ चेच. वापर नव्हता ना, म्हणून नवे दिसत होते. आत्ता अंगठ्याने टाच दाबून बघितली, लाकडासारखी लागतेय.