दोरी नको, आधी दाब द्या

हातापायाच्या जखमेतून खूप रक्त वाहत असेल तर जखमेच्या वर दोरी आवळायची आणि दर दहा मिनिटांनी सैल करायची, असं काहीजण सांगतात. जुनी पद्धत आहे ती, कृपया करू नका. बारीक दोरी नुसती कातडीत रुतते, आतली धमनी वाहतच राहते आणि सैल केलं की पुन्हा भळाभळा सुरू.

आधी अँब्युलन्स बोलवायला सांगा, आणि स्वच्छ कापड जखमेवर ठेवून दोन्ही तळहातांनी, कोपर ताठ ठेवून अंगाचा भार टाकून दाबा. थांबलं का बघायला सारखं उचलून बघायचं नाही, तिथेच सगळे चुकतात (मीपण ट्रेनिंगमध्ये दोनदा उचललं, ओरडा खाल्ला). काच किंवा सळई रुतली असेल तर उपसू नका, बाजूने दाबा.

हातापायाचं रक्त दाबूनही थांबत नसेल तरच टूर्निके (रक्त थांबवायला आवळायचा रुंद पट्टा, दांडीने पिळून घट्ट करतात), जखमेच्या ५ ते ७ सेंमी वर, म्हणजे धडाच्या बाजूला, सांध्यावर नाही. रक्त थांबेपर्यंत पिळायचा, जाम दुखतं, पेशंट ओरडतो, तरी सोडायचा नाही, वेळ लिहून ठेवायची. काढायचं काम डॉक्टरांचं.

व्हिडिओ बघून कळतं सगळं, पण किती जोर लावायचा ते हाताला कळत नाही हो. रक्तस्राव थांबवायला शिकवणारा एक-दोन तासांचा कोर्स असतो, कराच.