मदत हवी आहे: क्लस्टर आणि एमएमएस उपग्रहांचा डेटा कसा उघडायचा?

नमस्कार मंडळी. सोलापुरात नववीला विज्ञान शिकवतो. विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांनी पृथ्वीचं चुंबकावरण (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा अंमल असलेला अवकाशातला भाग) हा विषय घेतलाय, आणि प्रश्न असे विचारतात की मलाच रात्री वाचत बसावं लागतं.

चुंबकावरण अभ्यासणाऱ्या युरोपच्या क्लस्टर मोहिमेचे पहिले चार उपग्रह १९९६ मध्ये एरियान-५ रॉकेटच्या स्फोटात गेले, मग २००० मध्ये नवे चार सोडले. रुंबा, साल्सा, सांबा, टँगो ही त्यांची नावं पोरांना तोंडपाठ! नासाच्या तशाच एमएमएस मोहिमेतही (२०१५) चारच. एकच उपग्रह असेल तर चुंबकीय क्षेत्र वेळेनुसार बदललं की जागेनुसार, हे कळत नाही. त्रिकोणी पिरॅमिडच्या चार कोपऱ्यांवर चार असले की तिन्ही दिशांचा फरक मोजता येतो. इथवर सायकलच्या तारांचं मॉडेल करून पटवलं.

अडलंय पुढे. १० मे २०२४ च्या सौरवादळाचा खरा आलेख लावायचाय. डेटा फुकट मिळतो, पण फाइल्स सीडीएफ प्रकारच्या (वैज्ञानिक डेटा साठवायचा एक फॉरमॅट), एक्सेलमध्ये थेट उघडत नाहीत. पायथॉनमध्ये कुणी उघडल्यात का? शाळेचा संगणक जुनाच आहे, हे धरून सांगा. शिवाय अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेच्या त्याच दिवसाच्या नोंदी कुठे मागायच्या?

सोलापूर विद्यापीठात भौतिकशास्त्र करणारं कुणी इथे असेल तर एखाद्या रविवारी तासभर द्याल का? सात रस्त्याजवळ कुठेही भेटू, चहा-भजी माझ्याकडून. भारताचं सूर्य अभ्यासणारं यान आदित्य-एल१ सुचवू नका. ते चुंबकावरणाच्या बाहेर, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आहे, मुलांना आतलंच हवंय.