अनुभव धागा : तुम्ही रामायण कुणाच्या घरी बघितलंत?

परवा आईकडे माळा आवरताना जुन्या टीव्हीचं लाकडी शटर सापडलं. टीव्ही कधीच भंगारात गेला, शटर मात्र 'होईल कशाला तरी' म्हणून तिने ठेवलेलं. त्यावरून विषय निघाला तो थेट रविवार सकाळी साडेनऊवर जाऊन थांबला.

रामानंद सागर यांचं रामायण दूरदर्शनवर २५ जानेवारी १९८७ ला सुरू झालं, ३१ जुलै १९८८ ला संपलं. ७८ भाग. मी तेव्हा दुसरीत. सांगलीला वाड्यात आमची चौदा बिऱ्हाडं आणि टीव्ही दोन. एक मालकांच्या माडीवर, दुसरा एका बँकवाल्या काकांकडे, पण त्यांच्या टीव्हीवर चित्रापेक्षा मुंग्याच जास्त. म्हणून सगळी जनता माडीवर. जिन्यात चपलांचा असा ढीग की खालच्या पायरीपासूनच अनवाणी चढायचं. एका रविवारी मी स्लिपर घालून घरी आले आणि आईने बघितलं तर दोन्ही डाव्या! म्हणजे कुणीतरी मुलगी दोन उजव्या घालून गेली असणार. ती वाड्यातली नव्हती, त्यामुळे पुढच्या रविवारपर्यंत काही करता येण्यासारखं नव्हतं. आठवडाभर मी तशीच फिरले.

२८ मार्च २०२० ला, लॉकडाऊनच्या चौथ्या दिवशी, तेच रामायण परत लागलं. सकाळी नऊ आणि रात्री नऊ. मी ठाण्यात, आई सांगलीला एकटी. रात्री नऊला तिचा फोन यायचा आणि दोघी फोन स्पीकरवर ठेवून बघायचो. तिच्याकडे केबल, माझ्याकडे डिश, त्यामुळे तिचा राम माझ्या रामाच्या दोन सेकंद आधी बोलायचा. प्रत्येक वाक्य मला दोनदा ऐकू यायचं. तरी 'फोन ठेव आता' असं दोघींपैकी कुणी म्हटलं नाही.

तर विचारायचंय ते एवढंच. तेव्हा कुणाच्या घरी बघितलंत, आणि परत लागलं तेव्हा कुणाबरोबर? मालिका चांगली की वाईट यावर वाद नको असं लिहिणार होते, पण ते आपल्याकडे जमायचं नाही. घाला वाद.

*

बोर्डीहून

आम्हाला कुणाच्या घरी जायची गरज काय, रामायणच आमच्या शेजारी होतं! शूटिंग उंबरगावला, वृंदावन स्टुडिओत. घोलवडच्या पुढचं स्टेशन उंबरगाव रोड. राज्य गुजरात, पण आमचा बाजारहाट आणि सोयरीक तिकडचीच. शाळेला दांडी मारून आम्ही चौघं सायकलवर गेलो होतो. आत कुणी सोडलं नाही. कुंपणातून जे दिसलं ते जन्मात विसरणार नाही: जेवणाच्या सुट्टीतली वानरसेना. मुखवटे कपाळावर चढवलेले, शेपट्या कमरेला खोचलेल्या आणि बशीतून चहा चाललेला. एकाने आमच्याकडे बघून हुप्प केलं, आम्ही सायकली टाकून पळालो.

आमच्या चिकूच्या वाडीत काम करणारे अण्णा त्या सेनेत काही दिवस रोजंदारीवर माकड होते. त्यामुळे युद्धाचे भाग सुरू झाल्यावर आमच्या घरात रामाकडे कुणाचं लक्षच नसायचं. सगळे गर्दीत अण्णांना शोधायचे. 'ते बघा, ते बघा!' म्हणेपर्यंत ते माकड जायचं पडद्याबाहेर. अण्णा स्वतः दाराशी बसून बघायचे आणि काही बोलायचे नाहीत.

२०२० ला अण्णा ऐंशीच्या घरात. राहायला आमच्याच वाडीत, म्हणून लॉकडाऊनमध्येही येऊ शकले. या वेळी व्हरांड्यात खुर्ची दिली. सेतू बांधायच्या भागात त्यांनी बोट दाखवून सांगितलं, 'हा मी.' दुसऱ्या दिवशी वेगळंच माकड दाखवलं आणि म्हणाले, 'हा मी.'

*

यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव

आमच्याकडे लाइनचा भरवसा नाही, म्हणून टीव्ही ट्रॅक्टरच्या बॅटरीवर. चौदा इंची, काळा-पांढरा. सरपंचांच्या वाड्यातल्या ओट्यावर ठेवायचे आणि अंगणात ताडपत्री. बॅटरी उतरायला लागली की चित्र चारी बाजूंनी आक्रसायचं. रावण दहा तोंडांसकट लहान लहान होत पोस्टकार्डाएवढा व्हायचा आणि मग गुडुप. तेवढ्यावर एक म्हातारे बुवा उठून पुढची कथा तोंडी सांगायचे, ती टीव्हीपेक्षा लांब चालायची. खरं सांगतो, मला शेवटचे बरेच भाग बुवांच्या आवाजातच आठवतात. २०२० ला बघितलं तेव्हा काही ठिकाणी वाटलं, हे असं नव्हतं, बुवांनी वेगळं सांगितलं होतं.

*

पुण्याहून

माझ्या आजीला रामायण म्हणजे गीतरामायण. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर सुरू झालेलं, आठवड्याला एक गाणं, एकूण ५६. गदिमांचे शब्द, बाबूजींच्या चाली. ते तिने शेजारणींबरोबर ऐकलेलं, रेडिओला हार घालून. (टीव्हीला हार घातला म्हणून हसणाऱ्यांनी ही नोंद घ्यावी, आपल्याकडे ही जुनी रीत आहे.) १९८७ ला ती आमच्याबरोबर खोलीत यायची, पण टीव्हीकडे पाठ करून वाती वळत बसायची. म्हणायची, 'त्या मेकअपवाल्यांना बघून माझा राम बिघडतो.' ऐकायची मात्र सगळं. भरत भेटायला आला की वात तशीच हातात राहायची.

२०२० ला आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन लॉकडाऊनमुळे पुढे ढकललं गेलं होतं. तिला पडद्यावर नुसते रंग दिसायचे. तीही ऐकायचीच. मधून मधून मला विचारायची, 'आता कोण रडतंय?'

*

गावाचं नाव लिहीत नाही

माझी आठवण गोड नाही, पण धागा उघडलाच आहे तर लिहितो. आमच्या गावात टीव्ही ज्या घरी होता त्या घरात आमच्या वस्तीतल्या पोरांना आत प्रवेश नव्हता. 'बाहेरून बघा' म्हणून खिडकी उघडी ठेवायचे, तो त्यांचा मोठेपणा. खिडकी एका कडेला आणि मध्ये कपाट. त्यामुळे मला टीव्हीचा डावा अर्धा भागच दिसायचा. दीड वर्ष मी अर्धं रामायण बघितलं. दरबाराचा सीन असला की कुणीतरी उजवीकडे बघून बोलायचं आणि तिकडून नुसता आवाज यायचा.

२०२० ला माझ्या घरी, माझ्या सोफ्यावर बसून लावलं. पहिल्यांदा उजवा अर्धा दिसला. तिकडे फार काही नव्हतं हो. खांब, पडदे आणि चवऱ्या ढाळणाऱ्या बायका. मालिका भयंकर संथ आहे. दोन बाण समोरासमोर येऊन हवेत अडतात तोवर चहा करून होतो. चार दिवसांत सोडून दिली. मुलाने विचारलं, का बंद केली? म्हटलं, बघून झाली.

*

शहापूरहून

२०२० चं सांगायचं तर मी बघितलं नाही, ऐकलं. महामार्गावर पायी गावाकडे निघालेल्या लोकांना आम्ही काही जण खिचडी वाटत होतो. रात्री नऊला टेम्पो वस्तीतून काढला की प्रत्येक घरातून तेच संगीत. एका घराचं संपेपर्यंत पुढच्या घराचं सुरू. रस्त्याकडेला उत्तर प्रदेशाकडे निघालेली आठ-दहा माणसं बसली होती. त्यातल्या एका म्हाताऱ्याने मला विचारलं, 'कौन सा प्रसंग है?' मला सांगता येईना. त्याने कान देऊन थोडं ऐकलं आणि बाकीच्यांना म्हणाला, 'केवट वाला है.' मग सगळे गप्प बसून ऐकत जेवले. जाहिराती लागल्या तशी पातेल्याजवळ परत रांग.

त्याच सुमारास एका केंद्रीय मंत्र्यांनी घरात बसून रामायण बघतानाचा स्वतःचा फोटो टाकला होता आणि टीका झाल्यावर काढला होता. मला तेव्हा राग आला होता. अजून आहे. पण त्या म्हाताऱ्याला विचारलं असतं, तर त्यालाही बसून बघायला आवडलं असतं, हेही खरं.

*

(धागाकर्ती : वरचे दोन्ही अनुभव इथेच राहू देत. कुणी 'विषयाला सोडून' म्हणू नका, विषय हाच आहे.)

*

नाशिकहून

अहो, त्या मालिकेत आपली किती माणसं होती ते कुणीच लिहिलं नाही! कौसल्या जयश्री गडकर, दशरथ बाळ धुरी, भरत संजय जोग, मंथरा ललिता पवार. ललिताबाई तर जन्माने आमच्या जिल्ह्यातल्या, येवल्याच्या. आजी एरवी या गोष्टीचा अभिमान बाळगायची आणि मंथरा आली की टीव्हीकडे बघून कडाकडा बोटं मोडायची. दोन्ही एकाच वेळी.

मावशीला माहीत होतं की जयश्रीबाई आणि बाळ धुरी खऱ्या आयुष्यातही नवरा-बायको. त्यामुळे दशरथ गेला त्या रविवारी तिने पोळ्याच केल्या नाहीत. 'नाटक असलं तरी तिला कसं वाटलं असेल गं, खोटं कुंकू पुसताना?' हे दिवसभर. जयश्रीबाई २००८ साली गेल्या. २०२० ला तोच भाग लागला, तेव्हा मावशी व्हिडिओ कॉलवर होती. बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, 'शेवटी उलटं झालं बघ.'

आणि १९ एप्रिलपासून उत्तर रामायण लागलं, तेव्हा माझी मुलगी किंचाळलीच, 'आई, हा कुश म्हणजे स्वप्नील जोशी?' होय बाई. तो आमचा आधी, तुमचा नंतर.

*

न्यू जर्सीहून

इकडे दूरदर्शन नाही, पण मोबाइलवर भाग सापडले. नातू सहा वर्षांचा. त्याचा पहिला प्रश्न, 'आजोबा, हे बाण लोडिंग होतायत का?' वरच्या खिडकीवाल्या दादांना हे वाचून बरं वाटेल.

*

मिरजेहून

त्या एप्रिलमध्ये अरविंद त्रिवेदींचा एक व्हिडिओ फिरत होता, आठवतो? रावणाचं काम केलेले, आता थकलेले, घरात टीव्हीसमोर बसून स्वतःच केलेलं सीताहरण बघतायत आणि पडद्याकडे बघून हात जोडतायत. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो दिवसभरात अकरा वेळा आला. अकराही वेळा मी बघितला. पुढच्याच वर्षी ते गेले.

बाकी आमच्याकडे तेव्हा अँटेना फिरवायचं काम माझं होतं. मी गच्चीवर, दादा जिन्यात, बाबा टीव्हीपुढे. 'आलं?' 'नाही.' 'आता?' 'आलं आलं, हात काढू नकोस!' हात काढला की जायचं. म्हणून मी अख्खा भाग पाइप धरून गच्चीवर. पाऊस असला तर डोक्यावर पोतं. मला वाटतं खिडकीवाल्या दादांनंतर सगळ्यात कमी रामायण मीच बघितलंय.

*

पुण्याहून, पुन्हा

बोर्डीकर, ते सेतूचं माकड नेमकं कुठलं ते तरी सांगा. काल रात्री आम्ही तो भाग लावून बसलो होतो, घरात दोन तट पडलेत.

*

बोर्डीहून

आज सकाळी अण्णांकडे जाऊन मोबाइलवर थांबवून थांबवून दाखवलं. चष्मा लावून नीट बघितलं त्यांनी. डावीकडून येऊन दगड टाकतं आणि टाकल्यावर कमरेला हात लावतं, ते. म्हणाले, 'दगड थर्माकोलचा होता, पण शेपटी जड होती. सारखी सुटायची.' मी विचारलं, 'मग त्या दिवशी दुसरं का दाखवलंत?'

तर म्हणे, 'तो पण मीच. दोनदा पाठवलं होतं.'