कोल्हापुरात ईव्ही चार्जिंग: मुक्काम महाद्वार रोडला, सोय कुठं?

पुण्याची_ईव्ही
नमस्कार मंडळी. पुढच्या आठवड्यात पुण्याहून कोल्हापूरला येतोय. गाडी नेक्सॉन ईव्ही, जुनी, ३०.२ युनिटच्या बॅटरीवाली. मुक्काम दोन रात्री, महाद्वार रोडच्या लॉजवर. अंबाबाईचं दर्शन, एक दिवस जोतिबा-पन्हाळा, मग परत. देवळाजवळ फास्ट चार्जर मिळेल का? लॉजवाले म्हणतात, "पॉइंट आहे, लावा की." तेवढ्यावर भागेल?

शिरोली_नाका
पेठांत फास्ट चार्जर शोधत फिरू नका. ६० किलोवॅटच्या मशीनला थ्री फेजचा मोठा लोड लागतो, वर गाड्या उभ्या करायला जागा. ती जुळते शिरोली, उचगाव, गोकुळ शिरगाव या हायवेच्या पट्ट्यात. गावात शिरायच्या आधीच तिथं ८० टक्के करून घ्या. २० ते ८० म्हणजे तुमच्या गाडीला १८ युनिट. दोन गनच्या (म्हणजे गाडीला लावायच्या दोन प्लगच्या) मशीनवर शेजारी दुसरी गाडी लागली की पॉवर बहुतेक निम्मी होते, म्हणून पाऊण तास धरा. ८० च्या पुढं वेग पडतो, तिथं थांबून उपयोग नाही.

चार्जर शोधायच्या अ‍ॅपमध्ये सीसीएस-२ चा (तुमच्या गाडीला बसणाऱ्या फास्ट चार्जिंग प्लगचा) फिल्टर लावा. मशीन 'उपलब्ध' दिसली तरी निघण्याआधी तिथल्या नंबरवर फोन कराच. महावितरणचं पॉवरअप आणि टाटा पॉवरचं ईझी चार्ज घरूनच उतरवा, वॉलेटमध्ये पैसे टाकून ठेवा. दर बघताना १८ टक्के जीएसटी धरलाय का तेही बघा.

करवीर_वायरमन
खरी सोय लॉजवरच होईल, पण नीट विचारून घ्या. पॉइंट *पार्किंगमध्ये* आहे का? त्या भागातल्या बऱ्याच लॉजना स्वतःचं पार्किंग नाही. गाडी बिंदू चौकात लावावी लागली तर खोलीतला पॉइंट काय कामाचा? तसं असेल तर ताराबाई पार्क किंवा नागाळा पार्कात पार्किंगवालं हॉटेल बघा.

पॉइंट १५ अँपिअरचा, स्वतंत्र एमसीबीवर (लोड वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचवर), ४ चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरीचा हवा. गिझरच्या लाइनवरून ओढलेला नको, दोन्ही एकदम चालू झाले की ट्रिप होणार. अर्थिंग मल्टीमीटरनं तपासून घ्या: फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्हीकडं २३० च्या आसपास, न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. अर्थिंग नसेल तर गाडीच्या चार्जिंग केबलवरचा कंट्रोलचा डबा फॉल्ट दाखवतो, चार्जिंग सुरूच होत नाही. काही जण अर्थची पिन न्यूट्रलला जोडून डब्याला फसवतात. न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पत्र्यात करंट उतरेल. असलं काही करू देऊ नका.

एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. अर्ध्या तासानं प्लगला हात लावून बघा. चटका बसला तर लगेच बंद करा, सॉकेटची पकड सैल आहे. सगळं ठीक असेल तर १८ युनिटला सहा-सात तास, रात्रीत काम होतं.

पुण्याची_ईव्ही
लॉजला फोन केला, पार्किंग नाहीच. नागाळा पार्कात बघतो. पन्हाळ्याच्या चढाला किती बॅटरी जाईल?

शिरोली_नाका
चढ साधारण ४०० मीटरचा. चार माणसांसह सपाट रस्त्यापेक्षा दोनेक युनिट जादा, म्हणजे सात टक्के. त्यातलं थोडं उतरताना रीजनमधून (ब्रेक लागताना मोटर उलट वीज बनवते त्यातून) परत येतं. जोतिबा धरूनही एका चार्जमध्ये आरामात होतं.

गोकुळशिरगाव_७
हायवेच्या मशीनवर गन लावूनही चार्जिंग सुरू झालं नाही तर आधी लाल इमर्जन्सी बटण दाबलेलं राहिलंय का बघा, फिरवलं की सुटतं. तरी नाही झालं तर गन काढा, गाडी लॉक-अनलॉक करा आणि परत लावताना केबलचं वजन हातानं उचलून धरा. वजनानं गन खाली झुकते, सिग्नलची पिन टेकत नाही. चार्जिंग संपल्यावर गन निघत नसेल तर ओढाताण नको, आधी अ‍ॅपमधून सेशन बंद करा, मग गाडी अनलॉक.